तेजीचा बाजार वाचताना: भावाचा कल, लोकांची मनःस्थिती आणि आपली वही

५ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी एका भाषणात विचारलं, की अविवेकी उत्साहापोटी भाव अवाजवी चढले आहेत हे ओळखायचं तरी कसं? ते ऐकून जगभरचे बाजार गडगडले. पण ती पडझड टिकली नाही. अमेरिकेतला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक त्या वेळी १,३०० च्या आसपास होता. पुढची तीन वर्षं तो चढतच राहिला आणि १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला. मग तो कोसळला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर आला, म्हणजे त्या भाषणाच्या दिवशी होता त्याच्याही खाली.

ग्रीनस्पॅन यांची शंका खरी ठरली, पण ती ऐकून लगेच सगळं विकणाऱ्याला तीन वर्षं हात चोळत बसावं लागलं असतं. आणि शंका कानाआड करून २००० सालच्या मार्चमध्ये सगळी पुंजी लावणाऱ्याला तोच निर्देशांक पुन्हा त्या पातळीवर दिसायला २०१५ उजाडलं. तेजीच्या बाजारातली मुख्य अडचण ही आहे. लोकांचा उत्साह पाहून जोखीम किती साठली आहे याचा अंदाज येतो, पण तेजी कधी संपेल ते कळत नाही. ते भावाच्या वागण्यावरूनच कळतं, तेही थोडं उशिरा. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या आणि वेगवेगळ्या निर्णयांसाठी वापरायच्या. किती पैसे बाजारात ठेवायचे हे मनःस्थितीवरून ठरवा. बाहेर कधी पडायचं हे भावावरून.

आधी कालावधी ठरवा

‘बाजार वर आहे की खाली?’ या प्रश्नाला कालावधी सांगितल्याशिवाय अर्थ नाही. वॉल स्ट्रीट जर्नलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या चार्ल्स डाऊ यांच्या लिखाणातून पुढे जो डाऊ सिद्धांत तयार झाला, त्यात कलाचे तीन प्रकार आहेत. मुख्य कल वर्षभर किंवा कित्येक वर्षं चालतो. दुय्यम हालचाल काही आठवडे ते काही महिने टिकते आणि मुख्य कलाच्या उलट जाते. यालाच आपण करेक्शन म्हणतो. तिसरी रोजची किरकोळ चढउतार. टीव्हीवरची बहुतेक चर्चा या तिसऱ्या प्रकाराबद्दल असते आणि दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला तिचा काडीचा उपयोग नसतो.

तळापासून २० टक्के वर गेला की तेजी आणि शिखरापासून २० टक्के खाली आला की मंदी, अशी ढोबळ व्याख्या रूढ आहे. ती बातमीच्या मथळ्याला ठीक आहे. अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाची मार्च २००९ मध्ये सुरू झालेली तेजी फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली असं मानलं जातं. पण त्या अकरा वर्षांत २०११ साली तो बंद भावाच्या हिशेबाने १९ टक्क्यांहून थोडा जास्त घसरला आणि २०१८ च्या अखेरीस जवळजवळ २० टक्के. दोन्ही वेळा ‘तेजी संपली’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते. अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकाने तेजीची मंदी ठरत असेल, तर त्या रेषेवर आपला निर्णय टांगून ठेवू नये.

तुमची मुदत तीन वर्षांहून अधिक असेल तर साप्ताहिक आलेख उघडा, किमान पाच वर्षांचा. त्यावर रोजची खळबळ दिसेनाशी होते आणि मुख्य कल उघडा पडतो.

शिखरं आणि तळ हाताने लिहून काढा

आलेखावर रेघा ओढण्याआधी वहीत आकडे लिहा, असा माझा आग्रह असतो. आलेखात आपल्याला हवं ते दिसतं. आकड्यांच्या रांगेत ते तितकं सोपं नसतं.

समजा एखादा निर्देशांक १०० वरून १२० वर गेला, मग ११२ वर आला. तिथून १३१, मग १२१. तिथून १४०, मग १२९. शिखरं १२०, १३१, १४०. तळ ११२, १२१, १२९. प्रत्येक शिखर मागच्याहून वर आणि प्रत्येक तळही मागच्याहून वर. हा शुद्ध चढता कल आहे, इथवर कुणीही सांगेल.

आता जरा बारकाईने पाहा. पहिल्या चढाईत २० अंक मिळाले आणि त्यातले ८ परत गेले. दुसरीत १९ मिळाले, १० गेले. तिसरीत पुन्हा १९ मिळाले, पण ११ गेले. कल अजून वरचाच आहे, पण दर वेळी कमाईतला मोठा हिस्सा परत द्यावा लागतोय. वरच्या भावाला विक्रेते वाढू लागल्याची ही पहिली चाहूल. एवढ्यावरून विकायचं नाही, पण नवी खरेदी करताना हात आखडता घ्यायला हे पुरेसं आहे.

पुढची चढाई १३८ वरच थांबली असं धरा. नवं शिखर झालं नाही. तरीही कल मोडला असं म्हणता येत नाही, कारण १२९ चा तळ शाबूत आहे. निर्देशांक १३१ वरून उलटला तर खेळ चालू आहे. आठवड्याचा बंद भाव १२९ च्या खाली गेला तर मात्र साखळी तुटली. त्यानंतर बहुतेकदा एक उसळी येते, समजा १३५ पर्यंत, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ती उसळी १३८ च्या अलीकडेच विरली आणि भाव पुन्हा नव्या तळाकडे निघाला, की कल बदलल्यावर शिक्कामोर्तब झालं समजा. दिवसात क्षणभर १२९ खाली डोकावून येणं मोजू नका. आठवडा कुठे बंद झाला तेवढंच लिहा.

जोडीला २०० दिवसांची सरासरी ठेवा: मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची बेरीज भागिले २००, रोज सरकत जाणारी. भाव सरासरीच्या वर आणि सरासरीची रेषाही वर जाणारी, या दोन्ही गोष्टी हव्यात. ही रेषा चकवतेसुद्धा. २०१८ च्या शरद ऋतूत एस अँड पी तिच्या खाली गेला आणि फेब्रुवारी २०१९ पर्यंत पुन्हा वर आला. रेषा मोडताक्षणी सगळं विकणाऱ्याला खाली विकून वर घ्यावं लागलं. म्हणून शिखर-तळांची साखळी आणि सरासरी, दोन्ही मोडल्याशिवाय मी तरी मोठा निर्णय घेऊ नका असंच सांगेन.

व्हॉल्युमबद्दल थोडक्यात: चढताना उलाढाल वाढावी आणि उतरताना आटावी. सलग काही आठवडे उलट दिसलं तर नोंद करा. याहून जास्त अर्थ त्यातून काढू नये.

तेजीत किती शेअर सामील आहेत?

निर्देशांक म्हणजे अख्खा बाजार नव्हे. बहुतेक मोठ्या निर्देशांकांत कंपनीचं बाजारमूल्य जितकं जास्त तितकं तिचं वजन जास्त, त्यामुळे मोजक्या अजस्र कंपन्या निर्देशांक नव्या उच्चांकावर नेऊ शकतात आणि मागे शेकडो शेअर गुपचूप घसरत असतात. आपल्या पोर्टफोलिओत ते घसरणारे शेअर असले, की ‘बाजार एवढा वर, मग माझेच शेअर लाल का?’ हा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा हेच असतं.

हे मोजण्याची जुनी रीत म्हणजे अ‍ॅडव्हान्स-डिक्लाइन रेषा. रोज चढलेल्या शेअरांच्या संख्येतून उतरलेल्यांची संख्या वजा करायची आणि ती बाकी कालच्या बेरजेत मिळवत जायचं. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर ही रेषा एप्रिल १९९८ मध्ये शिखरावर पोचली आणि मग उतरू लागली. एस अँड पी मात्र मार्च २००० पर्यंत नवे उच्चांक करत राहिला. जवळपास दोन वर्षं पृष्ठभागाखाली बाजार कमकुवत होत होता. म्हणजे हीसुद्धा आगाऊ सूचना आहे, मुहूर्त नव्हे.

रोजचा हिशेब ठेवणं जमणार नसेल तर दोन सोपे मार्ग आहेत. निर्देशांकाच्या शेजारी त्याच कंपन्यांचा समान वजनाचा निर्देशांक लावून पाहा. दोघांतलं अंतर वाढत असेल तर तेजी अरुंद होतेय. किंवा किती टक्के शेअर आपापल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत ते पाहा. निर्देशांक विक्रमी पातळीवर आणि निम्म्याहून कमी शेअर सरासरीच्या वर, असं चित्र दिसलं की नवी खरेदी थांबवण्याचा नियम मला पटतो.

लोकांची मनःस्थिती मोजायची कशाने?

डाऊ सिद्धांतात तेजीचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात बातम्या वाईट असतात आणि जाणकार मंडळी शांतपणे खरेदी करतात. दुसऱ्यात कंपन्यांचे निकाल सुधारतात, कल सगळ्यांना दिसतो आणि सामान्य गुंतवणूकदार येतात. सगळ्यात लांब आणि बिनघोर टप्पा हाच. तिसऱ्यात नवी कारणं न देताच भाव चढतात आणि जाणकार हळूहळू माल विकू लागतात. आपण कुठल्या टप्प्यात आहोत हे ओळखायला मनःस्थितीची मापकं लागतात.

सर्वेक्षणांपासून सुरुवात करू. अमेरिकेतली एएआयआय ही वैयक्तिक गुंतवणूकदारांची संघटना १९८७ पासून दर आठवड्याला सभासदांना विचारते: पुढच्या सहा महिन्यांत बाजार वर जाईल, खाली जाईल की आहे तिथेच राहील? जानेवारी २००० च्या पहिल्या आठवड्यात ७५ टक्के लोक तेजीवाले होते, आणि शिखर अवघं काही आठवड्यांवर होतं. ५ मार्च २००९ ला ७० टक्के मंदीवाले होते, आणि चारच दिवसांनी एस अँड पी तळाला पोचला. उदाहरणं झणझणीत आहेत, पण त्यांनी हुरळून जाऊ नका. भीतीचं टोक सहसा धारदार आणि अल्पजीवी असतं, त्यामुळे ते तळाच्या जवळ सापडतं. लोभाचं टोक पसरट असतं. लोक महिनोन्‌महिने आशावादी राहतात आणि बाजारही चढत राहतो.

व्हीआयएक्सचंही तसंच. पुढच्या तीस दिवसांत बाजार किती हेलकावेल असं ऑप्शनचे (ठरलेल्या भावाला पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचे) व्यवहार करणाऱ्यांना वाटतं, ते ऑप्शनच्या भावांवरून काढलेला हा आकडा. तो वार्षिक टक्क्यांत असतो. त्याला १६ ने भागलं की एका दिवसाची अपेक्षित हालचाल ढोबळमानाने मिळते: व्हीआयएक्स १६ असेल तर सुमारे एक टक्का, ३२ असेल तर दोन. १६ मार्च २०२० ला तो ८२ च्या वर बंद झाला होता, म्हणजे दिवसाला पाच टक्क्यांची उलथापालथ लोक गृहीत धरत होते. उलट २०१७ चं बहुतेक वर्ष तो कमालीचा खाली होता आणि बाजार निवांत चढत राहिला. मग ५ फेब्रुवारी २०१८ या एका दिवसात तो १७ वरून ३७ वर गेला. खालचा व्हीआयएक्स धोक्याची घंटा नाही, पण विमा स्वस्त असल्याची खूण नक्की आहे. पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, घेऊन संरक्षण करायचं असेल तर ते त्याच दिवसांत करावं.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं मापक आहे उधारीचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत शेअरच्या किमतीच्या जेमतेम १० टक्के रक्कम भरून बाकीचं कर्ज ब्रोकरकडून घेता येत असे. गणित करून पाहा: स्वतःचे १०, उधारीचे ९०. भाव १० टक्के उतरला की स्वतःचं भांडवल शून्य. त्याआधीच ब्रोकर जादा मार्जिन, म्हणजे हमी म्हणून आणखी रक्कम, मागतो. ते भरता आलं नाही तर तो शेअर विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्या कर्जदाराचं मार्जिन अपुरं पडतं. इथे कुणाचं मत बदललेलं नसतं. कंपनी चांगली आहे असं मानणाराही विकतो, कारण त्याला विकावंच लागतं. डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर आला. जुनं शिखर पार व्हायला १९५४ चा नोव्हेंबर लागला. त्या घसरणीला उधारीखेरीज इतरही कारणं होती, बँका बुडणं हे त्यातलं मोठं. पण पहिल्या काही आठवड्यांचा वेग मार्जिनच्या सक्तीच्या विक्रीशिवाय समजत नाही. म्हणून मार्जिन कर्जाची एकूण रक्कम आणि वायदा-ऑप्शनमधली किरकोळ ग्राहकांची गर्दी यांच्याकडे लक्ष ठेवा. ती बाजारमूल्याहून वेगाने वाढत असेल तर पुढची घसरण, ती जेव्हा येईल तेव्हा, तीव्र असेल.

आयपीओंची, म्हणजे कंपन्यांच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीची, रांग हे आणखी एक मापक. कंपनीचे मालक स्वतःचा धंदा आपल्यापेक्षा चांगला ओळखतात आणि चांगला भाव मिळतो तेव्हाच हिस्सा विकतात. भारतात जानेवारी २००८ मध्ये एका मोठ्या वीज कंपनीच्या आयपीओला सत्तर पटींहून अधिक मागणी आली. त्याच महिन्यात सेन्सेक्स २१ हजारांच्या वर जाऊन आला. फेब्रुवारीत त्या शेअरची नोंदणी झाली तोवर बाजार फिरला होता. पहिल्याच दिवशी तो आयपीओच्या किमतीखाली बंद झाला. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८ हजारांखाली उतरला.

आणि कानाने मोजायची एक गोष्ट: लोक कोणते प्रश्न विचारतात. तेजीच्या सुरुवातीला प्रश्न असतो, ‘आता बुडणार तर नाही ना?’ मध्यावर, ‘कुठली कंपनी चांगली?’ शेवटी, ‘किती दिवसांत दुप्पट?’ कंपनी काय बनवते, कर्ज किती, नफा किती, हे कुणी विचारेनासं झालं आणि टिप कुणाकडून आली एवढंच विचारलं जाऊ लागलं, की तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

भाव-उत्पन्न गुणोत्तर, म्हणजे पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा), या मापकांच्या जोडीला असू द्या. रॉबर्ट शिलर यांचा दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर आधारलेला पीई १९९९ च्या डिसेंबरात ४४ वर होता, दीर्घकालीन सरासरीच्या दुपटीहून कितीतरी वर. महाग बाजार आणखी महाग होऊ शकतो. पण पडला तर किती खोल पडेल, याची कल्पना या आकड्यावरून येते.

स्वतःचं मन वहीत उतरवा

बाजाराची मनःस्थिती मोजणाऱ्यांपैकी फार थोडे लोक स्वतःची मोजतात. हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं: गुंतवणूकदार फायद्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले उराशी धरून ठेवतात. तेजीत याचा परिणाम असा होतो, की चांगल्या कंपन्या लवकर निघून जातात आणि पोर्टफोलिओत गाळ उरतो.

यावर उपाय म्हणजे खरेदीच्या आधी, नंतर नव्हे, पाच गोष्टी लिहिणं. नोंद अशी दिसावी:

‘निर्देशांक सरासरीच्या वर, शेवटचा तळ १२९. शेअर घेण्याचं कारण: दोन वर्षांत कर्ज निम्मं झालं, नफा वाढतोय. माहिती कुठून: वार्षिक अहवाल. चूक कधी मानेन: कर्ज पुन्हा वाढलं तर. आजची मनाची अवस्था: शेअर गेल्या महिन्यात बराच चढला, सुटून जाईल अशी धास्ती आहे.’

शेवटची ओळ प्रामाणिकपणे लिहिली की बरेचदा खरेदी तिथेच थांबते. धास्ती हेच खरं कारण असेल आणि वरची कारणं नंतर चिकटवलेली असतील, तर ते लिहिताना आपलं आपल्यालाच दिसतं.

सगळं एकत्र लावून निर्णय

कल वरचा आणि मनःस्थिती साशंक: तेजीतला हा सर्वांत चांगला काळ. ठरलेली गुंतवणूक पूर्ण करा, करेक्शनमध्ये थोडी जास्त करा. कल वरचा आणि उत्साह टोकाला, हा सर्वांत अवघड काळ. इथे विकून बाहेर पडण्याची घाई नको, पण उधारी पूर्ण बंद करा, दुय्यम दर्जाचे शेअर आधी काढा आणि पोर्टफोलिओचं प्रमाण मूळ जागी आणा. समजा ६० शेअरमध्ये आणि ४० कर्जरोख्यांत अशी सुरुवात होती. शेअर ५० टक्के वाढले तर ९० आणि ४० झाले. शेअरचा वाटा न विचारता ६९ टक्क्यांवर गेला. १३० च्या ६० टक्के म्हणजे ७८. तेव्हा १२ विकून तिकडे टाका. यासाठी शिखर ओळखावं लागत नाही, हाच याचा मोठा फायदा.

कल मोडला आणि लोक अजून उत्साहात आहेत, ‘स्वस्तात मिळतंय, घ्या’ म्हणताहेत, तेव्हा खरी काळजी करा. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. पुढच्या घसरणीत दर टप्प्यावर तो आधीपेक्षा स्वस्तच दिसत होता, आणि ते शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. कल मोडलेला आणि सगळीकडे भीती, अशा वेळी मात्र विकायला उशीर झालेला असतो. खरेदीची यादी तयार करायला घ्या.

विकायचं ठरलं तर एका दमात विकू नका. आठवड्याचा बंद भाव शेवटच्या तळाखाली गेला की एक तृतीयांश, सरासरीची रेषा खाली वळली की दुसरा तृतीयांश, उसळी आधीच्या शिखराच्या अलीकडे विरली की उरलेलं. पाच-सात वर्षांत ज्या पैशांची गरज नाही ते यातून वगळले तरी चालतील. आणि विक्री ज्या दिवशी कराल त्याच दिवशी, त्याच पानावर, परत शिरण्याची अट लिहा: भाव सरासरीच्या वर चार आठवडे टिकला तर, किंवा नवं शिखर झालं तर. २०२० मध्ये एस अँड पी २३ मार्चला तळाला होता आणि १८ ऑगस्टला त्याने नवा उच्चांक केला. बातम्या तेव्हाही वाईटच होत्या, त्यामुळे बातम्या सुधारण्याची वाट पाहणारे बाहेरच राहिले. ज्यांच्या वहीत आकडा लिहिलेला होता, त्यांना परतायला कारण मिळालं.